ओढ्यावरची पाणथळ उथळच हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

निफाड तालुक्यातला नांदूर मध्यमेश्वर जलाशय हे राज्यातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. २०१९ मध्ये त्याला हा दर्जा मिळाला, पण द्राक्षबागा, कांदा आणि उसाच्या शिवारातून युरिया, स्फुरद (फॉस्फरस) आणि माती घेऊन खाली येणारे ओढे होते तसेच राहिले. पाणी सुधारायचे तर या ओढ्यांवरच ते गाळून शुद्ध करणाऱ्या छोट्या पाणथळी व्हायला हव्यात. मात्र पाणथळ जिवंत करायची म्हटले की पोकलेन लावून खोलीकरण होते. साठ्यासाठी ते ठीक आहे, शुद्धीकरणासाठी नाही.

युरियातून पाण्यात येणारे नायट्रेट कमी करतात ते चिखलातले जिवाणू. प्राणवायू नसलेल्या गाळात, कुजणाऱ्या पाल्यावर जगत ते नायट्रेटचा नत्रवायू करतात आणि तो हवेत निघून जातो. त्यासाठी ३० ते ४५ सेंमी पाणी आणि दाट पाणकणीस, लव्हाळे अशा पाणवनस्पती लागतात. तीन मीटर खोल खड्ड्यात त्या रुजत नाहीत. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर चिखलच नसतो.

१०० हेक्टर शिवाराच्या ओढ्याला एक ते दोन हेक्टर पाणथळ धरावी. एका हेक्टरवर ४० सेंमी पाणी म्हणजे ४,००० घनमीटर. ते पाच दिवस थांबवायचे तर सेकंदाला साधारण ९ लिटरच आत घेता येतात. पावसाळी लोंढा बाजूच्या चरातून पुढे सोडलाच पाहिजे, नाहीतर साठलेला गाळ एका रात्रीत नदीत जाईल. तोंडाशी एक-दीड मीटरचा गाळखड्डा करावा. पोकलेनचे काम तेवढेच. पुढे आलटून-पालटून मातीचे आडवे बांध घालावेत. ते नसले की पाणी सरळ धार धरते आणि निम्मी जागा वाया जाते. यासाठी कालव्याखालची चिबड (पाणी साचून नापीक झालेली) जमीन घ्यावी. पिकाची चांगली जमीन कोणी देणार नाही, आणि मागूही नये. गावाचे सांडपाणी यात सोडू नये, त्याला वेगळी प्रक्रिया लागते.

स्फुरद हवेत जात नाही, ते गाळात बसते आणि झाडांत शिरते. म्हणून पाणकणीस पाने पिवळी पडण्याआधी कापून बाहेर न्यावे. काठावर ढीग ठेवला तर पहिल्याच पावसात सगळे परत पाण्यात. जलपर्णीचेही तसेच: ती खत शोषते, पण वेळेवर काढली नाही तर तिथेच कुजून ते परत सोडते. द्राक्षांवर बुरशीनाशक म्हणून फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातल्या तांब्याचे (धातूचे) तर विघटनच होत नाही. त्यामुळे द्राक्षपट्ट्यातला गाळ तपासल्याशिवाय शेतात पसरणे धोक्याचे आहे.

येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचे नमुने एकाच दिवशी घ्यावेत, विशेषतः पहिल्या पावसात आणि खताचा हप्ता दिल्यानंतर. शेजारच्या विहिरीही तेव्हाच तपासाव्यात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

निफाड तालुक्यात असे काम हाती घेताना अंदाजपत्रकात खोदाईबरोबर निदान पाच वर्षांची कापणी, गाळ उपसा आणि पाणी तपासणी धरावी, अशी जिल्हा प्रशासनाला आणि ग्रामपंचायतींना विनंती आहे. ती तरतूद नसेल तर खोदाईला मंजुरी देऊ नये.

आपला,
एक वाचक, निफाड (जि. नाशिक)