गोळ्या सोडायच्या नाहीत, बदलायच्या आहेत

पुणे, ८ जुलै

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "दिवस राहायच्या आधी सगळ्या गोळ्या सोडून दे, अंग मोकळं होऊ दे." काळजीपोटीच म्हणालीस. पण ल्युपसमध्ये नेमका हाच सल्ला घात करतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हा आजार म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उठणं, माझ्या बाबतीत मूत्रपिंडांवर. औषधं एकदम थांबवली की तो उसळतो. उसळलेल्या आजारात दिवस राहिले तर गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, बाळाची खुंटलेली वाढ हे सगळे धोके वाढतात. म्हणून आधी किमान ६ महिने आजार शांत हवा, आणि तोही बाळाला चालणाऱ्या औषधांवर. शांत म्हणजे नुसतं बरं वाटणं नव्हे. लघवीतून जाणारं प्रथिन दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या आत, लघवीत तांबड्या पेशी नाहीत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं किती नीट चालतात ते दाखवणारी रक्ततपासणी) स्थिर, रक्तदाब ताब्यात, असं कागदावर दिसलं पाहिजे.

आता गोळ्यांचं. मायकोफेनोलेट बंद झालं आहे. मूत्रपिंडांसाठी ते उत्तम, पण त्यामुळे गर्भपात होतात आणि बाळाचे कान, ओठ, टाळू, हृदय यांत व्यंग राहू शकतं. दिवस राहण्याआधी ते किमान ६ आठवडे बंद हवं. त्याच्या जागी ॲझाथायोप्रिन आलं आहे, ते गरोदरपणात चालतं. त्यातही एक मेख आहे. आपल्याकडे काही जणांच्या एनयूडीटी-१५ या जनुकात असा बदल असतो की नेहमीच्या मात्रेनेही त्यांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक घटतात. म्हणून ती तपासणी आधी केली आणि मात्रा हळूहळू वाढवतो आहोत, मधेमधे रक्त तपासून. बदललेल्या औषधावर आजार खरंच शांत राहतो का, हे बघायलाच हे महिने लागतात. दिवाळीत कोणी "अजून काही नाही का?" म्हणालं तर सांगा, जानेवारीच्या आधी नाही.

बाबा, तुम्ही रोज सकाळी घेता तीच रक्तदाबाची टेल्मिसार्टन मीही घेत होते, लघवीतलं प्रथिन रोखायला. गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत चालू राहिली तर ती बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करते, गर्भजल कमी करते. तिच्या जागी आता लॅबेटालॉल आहे. घरातली गोळी "एकच तर आहे" म्हणून कधीही देऊ नका. अंगदुखीच्या गोळ्यांचंही तेच. लागलीच तर पॅरासिटामॉल, तीही विचारून.

जी कधीही सोडायची नाही ती हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. गरोदरपणात ती थांबवली की आजार उसळतो, चालू ठेवली तर बाळाला अपाय होत नाही. मात्रा वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत. माझ्या ५२ किलोला २०० ची एक गोळी. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ५ मिलिग्रॅमवर आहे. त्याचा बराचसा भाग वारेतच निष्प्रभ होतो, बाळापर्यंत थोडाच जातो. फॉलिक ॲसिड आतापासूनच सुरू आहे, कारण ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

बाबा, पुढचं वाचताना तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, तरी वाचा. तोवर दिवस राहू न देणं हाही उपचाराचाच भाग आहे, त्यासाठी तांबी बसवली आहे. ल्युपसच्या काही जणींच्या रक्तात गुठळ्या करणारी अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं (प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं) असतात. त्यांना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत. माझ्यात ती नाहीत. असती तर १२ आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करावी लागली असती आणि गरोदरपणी बहुधा रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं घ्यावी लागली असती.

रो नावाचं प्रतिपिंड मात्र आहे. ते वारेतून बाळाकडे जातं आणि क्वचित, शंभरात साधारण दोघांच्या, हृदयातली विजेची वाट बंद करतं, ठोके मंदावतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने हा धोका कमी होतो. १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी वरचेवर होईल. ती वरचेवर होते म्हणून काही बिघडलंय असं समजू नका.

आणि आई, पायांना सूज आली की "गरोदरपणात येतेच" म्हणून पाय उशीवर ठेवून थांबायचं नाही. रक्तदाब १४०/९० च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० ला थेट रुग्णालय. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, छातीखाली पोटात कळ, हेही तसंच. वाढलेला दाब आणि लघवीतलं प्रथिन गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या विकारामुळे (प्रीएक्लॅम्प्सिया) की ल्युपस उसळल्यामुळे, हे वरून सारखंच दिसतं. रक्तातली सी-३, सी-४ ही प्रतिकारशक्तीची प्रथिनं आणि लघवीतल्या तांबड्या पेशी बघून डॉक्टरांना ठरवावं लागतं, कारण दोन्हींचे उपचार वेगळे. प्रीएक्लॅम्प्सिया टाळायला १२ व्या आठवड्यापासून रात्री कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू होईल.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुझ्या मनात कधीपासून आहे ते मला माहीत आहे. ओटी भरायला चिपळूणला नक्की येईन, पण बाळंतपण पुण्यातच. संधिवाततज्ज्ञ, किडनीचे डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग एकाच छताखाली हवेत. अर्ध्या रात्री कुंभार्ली घाट चढत बसायला नको. तूच इकडे ये, २८ व्या आठवड्यापासून, आणि बाळंतपणानंतर तीन महिने तरी राहा. आजार उसळायची भीती तेव्हाही असते आणि झोप मिळणं फार गरजेचं असतं. या गोळ्यांवर अंगावर पाजता येतं, त्याची चिंता नको.

डिंकाचे, अळीवाचे लाडू कर. नाचणीचं सत्त्वही आण, स्टिरॉइडमुळे हाडांना कॅल्शियम लागतं. लोणचं-पापड मात्र जपून, मिठामुळे. काढे, भस्मं आणि गुळवेल अजिबात नकोत. प्रतिकारशक्ती वाढवणं हे ऐकायला चांगलं; माझी आधीच भलतीकडे वाढलेली आहे. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत.

बाबा, एक काम. माझ्या किडनी बायोप्सीचा पहिला अहवाल तुमच्या कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे, सोबत काचेच्या स्लाइड्सची छोटी डबी. फोटो काढून पाठवू नका, मूळ प्रत आणि डबी दोन्ही हवीत. डबीला कापूस लावून कुरियर करा, पुढच्या गुरुवारी अपॉइंटमेंट आहे.

तुमची,
मनू