निम्म्यावर बंद होणारी वाट

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. "वाटेत गोंगाट असेल तर तीच गोष्ट तीनदा पाठवायची, त्यात काय एवढं?" असं तू सहज लिहून गेलास आणि माझे दोन दिवस त्यातच गेले. अरे, क्वांटम माहिती पाठवताना नेमकं तेच चालत नाही! अनोळखी क्वांटम अवस्थेची, म्हणजे फोटॉनसारख्या सूक्ष्म कणाच्या स्थितीची, हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे १९८२ साली सिद्ध झालं. मग तीन प्रती आणायच्या कुठून?

नक्कल न करता पसरवता मात्र येतं. एका क्युबिटची, म्हणजे क्वांटम बिटची, अवस्था पाच क्युबिटांमध्ये अशी विणून ठेवतात की त्यांतले कोणतेही दोन हरवले तरी मूळ अवस्था परत मिळते. तीन हरवले की संपलं. दोन का आणि तीन का नाही, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

असा चॅनेल, म्हणजे पाठवण्याची वाट, घे, ज्यात क्युबिट एकतर जसाच्या तसा पोचतो, नाहीतर हरवतो, आणि हरवला हे घेणाऱ्याला कळतं. साधे बिट असते तर शंभरातले नव्वद हरवले तरी उरलेल्या दहांच्या हिशोबाने निरोप जातोच. क्युबिटांचं तसं नाही. पाव हरवले तर चॅनेलची क्षमता, म्हणजे पाठवलेल्या दर क्युबिटामागे बिनचूक पोचवता येणारी क्वांटम माहिती, निम्मी होते, निम्मे हरवले की शून्य. निम्मे पोचताहेत, तरी शून्य!

इथे मी बराच वेळ अडून बसलो. मग कागदावर तीन ठिपके काढले: पाठवणारा, घेणारा आणि वाटेत पडलेलं सगळं उचलणारा तिसरा. निम्मे हरवत असतील तर घेणारा आणि तिसरा, दोघांच्या वाट्याला सारखंच येतं. घेणाऱ्याला मूळ अवस्था उभी करता आली, तर तिसऱ्यालाही येणार. म्हणजे एकीच्या दोन झाल्या, आणि ते तर शक्यच नाही. पाचांतले तीन हरवले तर ते तीन त्या तिसऱ्याच्या हाती असतात, आणि अवस्थाही त्याचीच होते.

हे कागदापुरतं नाही. चांगल्या ऑप्टिकल फायबरमध्ये किलोमीटरमागे साधारण ०.२ डेसिबल प्रकाश गळतो, म्हणजे १५ किलोमीटरवर निम्मे फोटॉन (प्रकाशकण) गेलेले असतात. एकतर्फी पाठवणं तिथेच थांबतं.

पण घेणाऱ्याला उलट निरोप देता आला, साध्या फोनवरून का होईना, तर चित्र पालटतं. मौल्यवान अवस्था वाटेवर सोडायचीच नाही. गुंतलेल्या, म्हणजे एकमेकांशी क्वांटम नात्याने बांधलेल्या, क्युबिटांच्या जोड्यांतला एकेक क्युबिट पाठवायचा, "हा पोचला, तो गेला" असं ऐकून घ्यायचं, आणि पोचलेल्या जोडीवरून अवस्था टेलिपोर्ट करायची, म्हणजे आपल्याकडच्या मोजमापाचं उत्तर फोनवर सांगून ती पलीकडे उभी करायची. हरवलेल्या जोडीत काहीच नव्हतं, त्यामुळे तिसऱ्याच्या हाती काही लागत नाही. मग नव्वद टक्के हरवले तरी दहा टक्के काम होतं.

आता सगळ्यात विलक्षण गोष्ट. २००८ मध्ये ग्रॅम स्मिथ आणि जॉन यार्ड या संशोधकांनी हाच निम्मे हरवणारा चॅनेल घेतला, त्याच्या जोडीला दुसरा, तोही शून्य क्षमतेचाच, आणि उलट निरोपाशिवाय दोन्ही एकत्र वापरून क्वांटम माहिती पोचवता येते हे दाखवलं. शून्य अधिक शून्य, आणि उत्तर शून्य नाही! मी ती ओळ तीनदा वाचली.

पाच क्युबिटांची आकडेमोड सोबतच्या कागदावर आहे. तपासून कळव.

तुझा,
अनिरुद्ध