शेजारच्या संगणकावर आपले फोल्डर का दिसते?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

'नेटवर्क'च्या चिन्हावर क्लिक करावे, तर आपल्या संगणकाशेजारी भलत्याच कुणाच्या लॅपटॉपचे नाव. त्यात 'युजर्स' नावाचे फोल्डर, आत लग्नाचे फोटो आणि पॅन कार्डाची स्कॅन केलेली प्रत. एकच वाय-फाय वापरणारे भाडेकरू, सोसायटीतले शेजारी, घराच्याच पुढच्या खोलीत ऑफिस थाटलेले व्यावसायिक यांच्याकडे हा प्रकार सर्रास आढळतो. लगेच 'हॅक झाले' अशी ओरड होते, विंडोज नव्याने टाकली जाते आणि काही दिवसांनी तेच फोल्डर पुन्हा डोके वर काढते. बहुतेक वेळा हे घरातल्याच कुणीतरी, प्रिंटर चालेना किंवा फाइल जाईना म्हणून, कधीतरी दाबलेल्या बटणाचे फळ असते. ते बटण कोणते हे शोधता येते आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही.

आधी एक फरक. नेटवर्कमध्ये संगणकाचे नुसते नाव दिसणे म्हणजे त्यातले फोल्डर उघडे असणे नव्हे. 'नेटवर्क डिस्कव्हरी' चालू असली की संगणक 'मी इथे आहे' असे सांगत राहतो, एवढेच. नावावर डबल क्लिक केल्यावर पासवर्ड विचारला, तर दार बंद आहे. न विचारताच फोल्डरांची रांग दिसली, तर पुढचे वाचावे.

स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि 'नेट शेअर' हे दोन शब्द इंग्रजीत, मध्ये मोकळी जागा सोडून टाइप करून एंटर दाबावे. डावीकडे शेअरचे, म्हणजे वाटायला काढलेल्या फोल्डरचे, नाव, मध्ये फोल्डरचा पत्ता, उजवीकडे शेरा अशी यादी येते. त्यात 'सी', 'डी', 'ॲडमिन', 'आयपीसी' अशी काही नावे असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असते. ही नावे पाहून घाबरू नये. हे विंडोजचे स्वतःचे प्रशासकीय शेअर आहेत. डॉलरमुळे ते नेटवर्कच्या यादीत दिसत नाहीत, प्रशासकाच्या खात्याशिवाय सी-डॉलरमध्ये शिरता येत नाही आणि घरगुती नेटवर्कवर तर साध्या प्रशासक खात्यालाही मूळ मांडणीत बाहेरून तिथे प्रवेश मिळत नाही. काही जण हौसेने ते काढून टाकतात. संगणक पुन्हा सुरू झाला की ते परत हजर. प्रिंटर शेअर केला असेल, तर 'प्रिंट-डॉलर' हेही नाव दिसते, त्यात ड्रायव्हर असतात. यादीत डॉलर नसलेले जे नाव असेल, ते कुणीतरी किंवा कशानेतरी मुद्दाम शेअर केलेले असते. पाहायचे ते हेच.

या बिनडॉलरवाल्यांत सगळ्यांत जास्त गोंधळ घालतो तो 'युजर्स'. समजा, डेस्कटॉपवर 'सहलीचे फोटो' नावाचे फोल्डर आहे. त्यावर राइट क्लिक, 'गिव्ह ॲक्सेस टू', 'स्पेसिफिक पीपल', यादीतून 'एव्हरीवन', मग 'शेअर'. आपल्या समजुतीप्रमाणे एक फोल्डर शेअर झाले. विंडोज ७ पासून पुढे हे साधे विझार्ड वापरले की घडते ते वेगळेच: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही सगळी ठिकाणे ज्याच्या पोटात आहेत, ते सी ड्राइव्हवरचे अख्खे 'युजर्स' फोल्डर शेअर म्हणून जाहीर होते, आणि त्या शेअरवर 'एव्हरीवन'ला पूर्ण अधिकार लिहिले जातात. विझार्डच्या शेवटच्या पडद्यावर जो पत्ता येतो तो नीट वाचला, तर त्यात संगणकाच्या नावानंतर 'युजर्स', मग खात्याचे नाव, मग डेस्कटॉप आणि शेवटी आपले फोल्डर अशी उतरंड दिसते. तो पडदा वाचतो कोण? 'डन' दाबून सगळे मोकळे होतात.

तरीही एरवी फार बिघडत नाही, कारण विंडोजमध्ये दोन चाळण्या एकापुढे एक असतात. पहिली शेअरच्या परवानगीची, दुसरी डिस्कवरच्या एनटीएफएस परवानगीची (एनटीएफएस ही डिस्कवर फाइली मांडण्याची विंडोजची पद्धत). दोन्हींत जी अधिक कडक ती लागू होते. 'युजर्स'ची पहिली चाळणी सताड उघडी असली, तरी दुसरी इतर खात्यांचे खासगी फोल्डर अडवून धरते. घोटाळा होतो तो दुसरीलाही कुणी भोक पाडले की. जुनी हार्डडिस्क नव्या संगणकाला जोडली, 'ॲक्सेस डिनाइड' आले, दुरुस्तीवाल्याने 'सिक्युरिटी' टॅबमध्ये 'एव्हरीवन – फुल कंट्रोल' देऊन काम उरकले, हे नेहमीचे आहे. ते फोल्डर 'युजर्स'च्या आत असेल, तर आता दोन्ही चाळण्या गेल्या. बाहेरच्या डिस्कचेही तसेच. ती एक्सफॅट किंवा फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेली असेल, तर तिच्यावर एनटीएफएस परवानग्या नसतातच. तिथे शेअरच्या परवानगीत जे लिहिले असेल तेच शेवटचे.

आतल्या फोल्डरवर 'रिमूव्ह ॲक्सेस' केले, तरी वरचा 'युजर्स' शेअर पुष्कळदा तसाच राहतो. तो काढण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडावा आणि 'नेट शेअर युजर्स' पुढे मोकळी जागा, तिरपी रेघ व 'डिलीट' असे इंग्रजीत लिहावे. याने फक्त शेअर जातो. फाइली जागच्या जागी राहतात. डिलीट हा शब्द पाहून हात थबकतो, म्हणून हे लिहिले. आतल्या फोल्डरवर 'एव्हरीवन' चिकटलेले असेल, तर 'सिक्युरिटी' टॅबमधून तेही काढावे.

आता पासवर्ड. 'मला पासवर्ड विचारलाच नाही' या तक्रारीमागे तीन कारणे सापडतात. पहिले उघड आहे: 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये 'ऑल नेटवर्क्स'खाली 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद केलेले असते. ते बंद का करतात? कारण पिन. हल्ली संगणक सुरू होतो चार-सहा आकडी पिनवर. पण हा पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि त्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो. तो कुणालाच आठवत नाही. पिन चार वेळा नाकारला गेला की वैतागून संरक्षणच बंद केले जाते.

दुसरे कारण सहज लक्षात येत नाही. दोन्ही संगणकांवर खात्याचे नाव आणि पासवर्ड तंतोतंत सारखे असतील, तर विंडोज काही न विचारता आत सोडते. एकाच दुकानातून जुळवून घेतलेल्या संगणकांवर 'ॲडमिन' हे नाव आणि ठरलेला सोपा पासवर्ड असतो, तेव्हा हेच होते. पासवर्ड कोराच ठेवला असेल, तर उलट नेटवर्कवरून प्रवेश मिळत नाही. कोऱ्या पासवर्डाचे स्थानिक, म्हणजे त्या यंत्रापुरतेच असलेले, खाते मूळ मांडणीत फक्त यंत्रापुढे बसूनच उघडते. तिसरे कारण म्हणजे पूर्वी कधीतरी 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'वर टिक केलेली असणे. ते दुसऱ्या संगणकाच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये सापडते आणि तिथूनच पुसावे लागते.

जुन्या यंत्रांत होमग्रुपचे अवशेष निघतात. विंडोज ७ बरोबर आलेली ही सोय पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओ आणि प्रिंटर आपणहून वाटायला काढत असे. २०१८ साली विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीत होमग्रुप काढला गेला, पण त्याने केलेले शेअर तसेच राहिले. म्हणजे चूल गेली, विस्तव राहिला. टीव्हीच्या 'सोर्स'मध्ये लॅपटॉपचे नाव आणि त्याखाली फोटो दिसत असतील, तर ती वाट वेगळी, 'मीडिया स्ट्रीमिंग'ची. 'नेट शेअर'च्या यादीत ती येत नाही. कंट्रोल पॅनलमधील 'मीडिया स्ट्रीमिंग ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'ब्लॉक ऑल' करावे.

घरात ऑफिस असेल आणि झेरॉक्स मशीन नेटवर्कला जोडलेले असेल, तर तेही तपासावे. स्कॅन थेट संगणकात यावे म्हणून मशीन बसवणारा माणूस 'स्कॅन' नावाचे फोल्डर 'एव्हरीवन'ला पूर्ण अधिकारांनी शेअर करतो, पासवर्डाचे संरक्षण काढतो आणि यंत्र जुने असेल, तर विंडोज फीचर्समधून 'एसएमबी १' चालू करून जातो. पक्षकारांची आधार कार्डे याच फोल्डरात महिनोन्‌महिने पडून असतात. 'एसएमबी १' हा फाइल देवाणघेवाणीचा जुनाट प्रकार. मे २०१७ मधील वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच प्रकारातल्या त्रुटीवाटे पसरला, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेली होती. २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये तो मुळात बसवलेला नसतो, म्हणजे तो चालू दिसला तर बहुधा कुणीतरी मुद्दाम चालू केलेला असतो. यंत्राला ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर स्कॅन करता येत असेल, तर ते बरे.

फाइली वाटायच्याच असतील, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सोडून थेट ड्राइव्हच्या मुळाशी एक नवे फोल्डर करावे, नाव 'देवघेव' असे काहीही. शेअरिंगसाठी वेगळे स्थानिक खाते उघडावे, त्याला खरा पासवर्ड द्यावा. विझार्ड टाळून फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'शेअरिंग' टॅब, तिथे 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग', मग 'परमिशन्स'. यादीतला 'एव्हरीवन' काढून नवे खाते घालावे. पाहण्यापुरते द्यायचे असेल तर 'रीड', बदलूही द्यायचे असेल तर 'चेंज'. 'फुल कंट्रोल'ची गरज घरात पडत नाही. 'सिक्युरिटी' टॅबमध्येही त्याच खात्याला तितकीच परवानगी आहे ना, हे पाहावे. नाहीतर फोल्डर दिसते, पण उघडत नाही, आणि मग पुन्हा कुणीतरी 'एव्हरीवन' आणून बसवतो. दुसऱ्या संगणकावर लॉगिन विचारले की आधी पहिल्या संगणकाचे नाव, उलटी तिरपी रेघ आणि मग खात्याचे नाव लिहावे.

नवा राउटर बसवला की विंडोजच्या दृष्टीने ते नवे नेटवर्क. 'तुमचा पीसी इतरांना दिसू द्यायचा का?' असे विंडोज १० विचारते आणि आपण 'येस' म्हणून मोकळे होतो. त्या 'येस'ने नेटवर्क 'प्रायव्हेट' ठरते, संगणक इतरांना दिसू लागतो. वसतिगृहात, पीजीत किंवा सामाईक वाय-फायवर सेटिंग्जमधून ते 'पब्लिक' करावे.

संगणकात काहीच सापडले नाही, तर राउटरकडे वळावे. मागच्या यूएसबी खाचेत पेन ड्राइव्ह किंवा डिस्क लावलेली असेल, तर कित्येक राउटर ती आपणहून, पासवर्डाशिवाय शेअर करतात. काहींत एफटीपीने, म्हणजे फाइली पाठवण्याच्या एका जुन्या पद्धतीने, ती बाहेरच्या इंटरनेटवरही खुली होऊ शकते. फेब्रुवारी २०१४ मध्ये आसुस कंपनीच्या राउटरना जोडलेल्या १२,९०० हून अधिक डिस्कमध्ये कुणीतरी शिरून 'तुमची डिस्क उघडी आहे' अशा आशयाची फाइल ठेवून गेले होते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेशी कंपनीला त्या प्रकरणी तडजोड करावी लागली. राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर 'यूएसबी', 'सांबा' (फाइली शेअर करणारी प्रणाली) आणि 'एफटीपी' हे तीन शब्द शोधावेत आणि 'ॲनॉनिमस' किंवा 'गेस्ट' प्रवेश बंद करावा. ॲपलच्या मॅकवर मामला सोपा: 'सेटिंग्ज', 'जनरल', 'शेअरिंग'. 'फाइल शेअरिंग' चालू केल्यास प्रत्येक खात्याचे 'पब्लिक' फोल्डर आपसूक यादीत येते, एवढे लक्षात ठेवावे.

या क्षणी कोण आत आहे हे पाहायचे असेल, तर प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर 'नेट सेशन' लिहावे. जोडलेल्या यंत्राचा पत्ता, खाते आणि ते किती वेळ निवांत आहे हे दिसते. अनोळखी पत्ता निघाला तर राउटरच्या पानावरील जोडलेल्या उपकरणांच्या यादीशी ताडून पाहावा. पुष्कळदा तो सोडून गेलेल्या भाडेकरूचा किंवा शेजारच्या मुलाचा लॅपटॉप निघतो, कारण वाय-फायचा पासवर्ड राउटर बसवल्यापासून बदललेलाच नसतो. तो बदलला की टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा सगळ्यांत नव्याने भरावा लागतो, म्हणून टाळाटाळ होते. ते एकदाच करावे आणि पुढे पाहुण्यांना व शेजाऱ्यांना राउटरमधले 'गेस्ट' नेटवर्क सुरू करून त्याचाच पासवर्ड द्यावा. त्यावरून इंटरनेट मिळते, घरातले संगणक बहुतेक राउटरवर दिसत नाहीत. मात्र त्यावरून घरचा प्रिंटरही चालणार नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे.

– एक वाचक, पुणे