पदकं ट्रंकेतून बाहेर काढा : माजी सैनिक व ग्रामस्थांचं आवाहन

समस्त गावकरी, चाकरमानी आणि माहेरवाशिणींना नमस्कार.

नाईक (हा सैन्यातला हुद्दा) यशवंत घाडगे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे जवान पडले. ते एकटेच पुढे धावले. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, हातातल्या टॉमीगनमधल्या (छोट्या स्वयंचलित बंदुकीतल्या) गोळ्या संपल्यावर तीच नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं, आणि मग स्नायपरच्या गोळ्यांनी पडले. वय अवघं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. त्या लढाईची जाण ठेवून २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभं राहिलं.

परक्या गावाला एवढं सुचतं. आपल्याकडे मात्र आजोबा-पणजोबांची पदकं तांदळाच्या डब्यात नाहीतर गोधड्यांखाली पडून आहेत. पहिल्या महायुद्धाचं युद्धपदक चांदीचं, म्हणून कित्येक घरांत ते मोडीत गेलं. उरलंय ते तरी वाचवू. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतल्या एका खोलीत आम्ही स्मृतिदालन करतोय.

घरी जे असेल ते दाखवा. पदक, सनद, पलटणीतून आलेलं पत्र, निवृत्तीच्या वेळी युनिटने दिलेली ढाल, काहीही. पण आणण्याआधी हात जोडून एक विनंती : पदक चिंच किंवा राख लावून घासू नका. चांदीच्या त्या जुन्या पदकाच्या कडेवर, अगदी नाण्याच्या कडेसारख्या अरुंद जागेत, जवानाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घासून घासून तीच अक्षरं आधी जातात. मग कोणाचं पदक ते सांगणार कोण? फीत विटली असली तरी धुऊ नका.

वस्तू तुमचीच राहील. फोटोसह नोंदवहीत नोंद होईल, सहीची पोच मिळेल, मागाल तेव्हा परत. द्यायला जीव होत नसेल (आम्ही समजू शकतो), तर आम्हीच घरी येऊन फोटो काढू.

खरा वैरी आपला पावसाळा. भिंतीला ओल आहे, ती आधी थांबवायला हवी. मग कुलपाचं काचेचं कपाट, ओल शोषणाऱ्या पुड्या आणि कागदपत्रांसाठी एक स्कॅनर. रोख दिलीत तर पावती मागूनच घ्या. गवंडी आणि सुतार मंडळींनी दोन दिवस अंगमेहनत दिली तरी मोठं काम होईल. देणगीदारांच्या नावांचा फलक लागणार नाही. भिंत लहान आहे.

गणपतीला गावी याल तेव्हा ट्रंक उघडाच. इंग्रजी पत्र वाचता आलं नाही तर तसंच आणा. फाटलेलं असेल तर चिकटपट्टी मात्र लावू नका.

आपले,
माजी सैनिक व ग्रामस्थ