वळवाचा पंचनामा कोणी करायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका विद्यार्थ्याचं पत्र आलं होतं. वादळात खोलीचे पत्रे उचकटले, मालक फिरकला नाही, भाडं मात्र एक तारखेला न चुकता मागितलं, अशी त्याची तक्रार. मालकांची कातडी किती जाड असते यावरही त्याने दोन ओळी खर्चल्या होत्या. पत्र खरंच असणार. असे मालक आहेत, एक तर आमच्याच गल्लीत राहतो. पण दुसऱ्या बाजूने कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

मी दूरध्वनी खात्यातून निवृत्त झाले. यजमानांनी धायरीत जागा घेऊन ओळीने चार खोल्या बांधल्या होत्या, वर पन्हाळी पत्रे. पुढच्या घरात मी राहते. शिवाय कोथरूडला एका सोसायटीत शेवटच्या मजल्यावर फ्लॅट आहे, तोही भाड्याने दिलेला. खोल्यांत एक रिक्षावाला आणि त्याचं कुटुंब, एक नर्स, वर्कशॉपमध्ये कामाला जाणारी दोन मुलं आणि लातूरकडचं एक नवं जोडपं. फ्लॅटमध्ये संगणकाच्या नोकरीतले नवरा-बायको आणि त्यांचं तान्हं बाळ. माझं घर पेन्शन आणि या भाड्यावर चालतं. ‘घरमालक’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जो माणूस उभा राहतो, त्याला बहुधा सोन्याची साखळी असते. माझ्याकडे छत्री आहे.

मे महिन्यातल्या त्या वळवात आमच्या दोन खोल्यांवरचे कडेचे पत्रे गेले. वारा छप्पर वरून दाबत नाही, खालून उचलतो, आणि सगळ्यात जोरात उचलतो ते कडांना आणि कोपऱ्यांना. भारतीय मानकाप्रमाणे पुण्यात बांधकामाला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरतात. खात्यात असताना टॉवरच्या फायलींमध्ये हा आकडा मी पुष्कळदा टाईप केलाय. आपल्याकडे पत्रे बसवणारा मात्र एक अँगल सोडून एक अँगलला हुक मारतो आणि वर दोन दगड, एखादा जुना टायर ठेवून देतो. वादळात पत्रा तर जातोच, तो दगडही कोणाच्या तरी डोक्यात पडायला मोकळा होतो. म्हणून यावेळी वेल्डरला बजावलं, प्रत्येक अँगलला हुक आणि कडेला दुप्पट. तो म्हणाला, “मावशी, एवढं कोण करतं?” पण केलं. पत्र्यांचे भाव त्या आठवड्यात जे चढले ते चढले. मजुरी तर विचारूच नका, वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी सातनंतर माणूस शिल्लक राहत नव्हता.

पत्र्यांचं काम पैशाने होतं. झाडाचं तसं नाही.

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पिवळ्या फुलांची, भराभर वाढणारी आणि मुळं वरवरच राहणारी दोन झाडं होती. पुण्यात रस्तोरस्ती दिसतात ती. एक मुळासकट आडवं झालं. अर्धं रस्त्यावर, अर्धं आमच्या भिंतीवर आणि नर्सच्या न्हाणीवर. अग्निशमन दलाची मुलं रात्री दहाला आली, भर पावसात करवत चालवून त्यांनी रस्ता मोकळा केला आणि पुढच्या झाडाकडे गेली. त्यांच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. रस्ता मोकळा करणं त्यांचं काम, माझी न्हाणी मोकळी करणं नव्हे. प्लॉटचे मालक फोनवर म्हणाले, “झाड तुमच्याकडे पडलंय ना, मग लाकूड तुमचंच की हो!” एवढं औदार्य पुण्यात क्वचितच बघायला मिळतं.

खरी पंचाईत दुसऱ्या झाडाची आहे. ते पडलं नाही, रिक्षावाल्याच्या खोलीवर कललं. बुंध्याजवळची जमीन फुगून भेगाळली. हे झाड आपल्या मनाने तोडता येत नाही. १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, स्वतःच्या आवारातल्या झाडालाही वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि हा कायदा हवाच. तो नसता तर बिल्डरांनी पुण्यात तुळसही ठेवली नसती. पण अर्ज झाडाच्या मालकाने करायचा, मालकाला घाई नाही, आणि कार्यालयात मला सांगितलं की तुमचा या झाडाशी संबंध नाही. संबंध आहे हो! त्याच्या सावलीत दोन शाळकरी पोरं झोपतात. रिक्षावाल्याचं बिऱ्हाड मी माझ्या पुढच्या खोलीत आणलंय. त्या महिन्याचं भाडं त्याने द्यायला काढलं, मी घेतलं नाही. राहायला देता येत नाही त्या जागेचं भाडं कसलं?

आता त्या विद्यार्थ्याच्या कायद्याच्या मुद्द्याकडे येते. त्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधल्या कलम १४ चा दाखला दिलाय. तो बरोबर आहे. जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळात त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण हे झालं जुन्या अर्थाने भाडेकरू असलेल्यांसाठी, पेठांतल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांसारख्यांसाठी. आजची मुलं राहतात ती लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर. तिथे करारात काय लिहिलंय तेच मुख्य, आणि आपल्याकडचे छापील करार वादळाविषयी अवाक्षर काढत नाहीत. ‘किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाने करावी’ असं एक वाक्य असतं. उडालेला पत्रा किरकोळ की कसा, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावं.

करार तरी असतो का, हाही प्रश्नच. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तरी आमच्या भागात नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवणारे, नाहीतर तोंडीच ठरवणारे मालक कमी नाहीत. उद्या भाडेकरूचा फ्रीज भिजला, पोरांची पुस्तकं गेली आणि कुठून मदत मिळायची झाली, तर तो त्या खोलीत राहत होता याचा कागद आणायचा कुठून? नोंदणीचे पैसे वाचवणाऱ्या या मंडळींची बाजू घ्यायला मी हे पत्र लिहीत नाहीये, हे स्पष्ट केलेलं बरं.

कोथरूडच्या फ्लॅटची तऱ्हा वेगळी. वाऱ्याने सोसायटीच्या गच्चीवरची शेड उपटली, तिचे पाय निघाले तिथे कोबा फुटला आणि पाणी थेट बाळाच्या खोलीत. छतातल्या दिव्याच्या भोकातून धार लागली. फोनवर मी पहिल्यांदा सांगितलं ते मेन स्विच बंद करायला. सहकारी सोसायट्यांसाठी जी आदर्श उपविधी, म्हणजे नमुना नियमावली आहे, तिच्याप्रमाणे गच्चीची गळती सोसायटीने काढायची असते, दुरुस्ती निधी त्यासाठीच जमा होतो. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्के बिनभोगवटा शुल्कही मी दरमहा भरते. सेक्रेटरी म्हणाले, पावसात वॉटरप्रूफिंग होत नाही, दिवाळीनंतर बघू. पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. पण दिवाळीपर्यंत ताडपत्री कोणी अंथरायची, तर ती मी. आणि ती गच्ची सामाईक असल्यामुळे आधी अर्ज द्यायचा, तोही मीच.

फ्लॅटचा विमा आहे, भारत गृह रक्षा. एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. त्यात वादळ, पूर, झाड कोसळणं हे सगळं येतं, आणि घर राहण्याजोगं नसेल त्या काळातलं बुडालेलं भाडंही येतं. हे शेवटचं बऱ्याच मालकांना ठाऊकच नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते. भाडेकरूच्या सामानाला मात्र मालकाचा विमा नसतो, तो त्यांनी आपला वेगळा काढावा. तर नुकसान तपासायला विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ओल जुनी की वादळाची?” वादळाची असेल तर पैसे, जुनी असेल तर राम राम. त्यांचंही बरोबर आहे, पण ठरवणार कसं? ते येईपर्यंत काही हलवू नका, असं कंपनीने बजावलेलं. आणि इकडे ओल्या गादीजवळ चार महिन्यांचं बाळ. मी भाडेकरूंना सांगितलं, मोबाईलवर तारखेसकट फोटो काढा आणि गादी उचला, पुढचं मी बघते. एक खोली बंद होती तोवर भाडं निम्मं घ्यायचं ठरवलं. त्याला कुठल्या नियमाचा आधार होता असं नाही. एका कागदावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या.

धायरीच्या खोल्यांचा विमा काढावा म्हणून मागे एका एजंटला फोन केला होता. पत्र्याचं छप्पर म्हटल्यावर ‘ताई, बघून सांगतो’ म्हणाला, तो अजून बघतोय.

प्राप्तिकरात घरभाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के वजावट मिळते. एक पैसा खर्च न करणाऱ्या माझ्या गल्लीतल्या त्या मालकालाही तेवढीच, आणि यंदा चार महिन्यांचं भाडं पत्र्यात घातलेल्या मलाही तेवढीच.

या सगळ्यात मला अडवलं ते पैशाने कमी आणि एका कागदाने जास्त. प्लॉटमालक, सोसायटी, विमा कंपनी, झाडाचं कार्यालय, प्रत्येकजण विचारतो, नुकसान वादळानेच झालं याचा पुरावा काय? सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याचं पाणी वस्त्यांत शिरलं, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरची एकता नगरी बुडाली, तेव्हा सगळी यंत्रणा तिथे धावली, पंचनामे झाले. व्हायलाच हवे होते. पण वळवाला मंत्री येत नाहीत. तासाभराचा वारा, एका गल्लीत चार छपरं, पलीकडच्या गल्लीत पानही हललेलं नसतं. अशा नुकसानीची शहरात कोणी नोंद करायची हे मला कोणी सांगू शकलं नाही. गावाकडे निदान तलाठ्याचं नाव तरी घेता येतं.

म्हणून महापालिकेने एवढंच करावं. वादळानंतर दोन दिवसांत क्षेत्रीय कार्यालयाचा माणूस कळवलेल्या पत्त्यावर यावा आणि एका पानाचा पंचनामा व्हावा. त्यात जागेचा फोटो, छप्पर, भिंत, वीज, पाणी यांची स्थिती, राहणाऱ्याचं नाव, मालकाचं नाव, आणि जागा राहण्याजोगी आहे की नाही यावर हो किंवा नाही. प्रत मालकाला, भाडेकरूला आणि सोसायटीला. कललेलं झाड दिसलं तर त्याच कागदावर वृक्ष विभागाचा शेरा त्याच आठवड्यात मिळावा, आणि अर्ज ज्याच्या डोक्यावर ते झाड आहे त्यालाही करता यावा. त्या विद्यार्थ्याला असा कागद मिळाला असता, तर त्याच्या मालकाला एक तारखेला भाडं मागणं जड गेलं असतं. माझ्याकडे असता, तर सर्व्हेअरशी वाद घालावा लागला नसता.

त्या विद्यार्थ्याने हे वाचलं तर त्याला एक सांगणं आहे. अनामत भाड्यात वळती करून खोली सोडायचा विचार असेल, तर आधी मालकाला लेखी कळवून पोच घ्यावी. नुसत्या व्हॉट्सॲपवर विसंबू नये.

आपली,
एक वाचक, धायरी