लायसन्स संपलं की शिकलेलंही संपतं का?

संपादक महोदय, नमस्कार.

कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवताना महागडं सॉफ्टवेअर वापरायचं, आणि पोरं पास होऊन बाहेर पडली की लायसन्स नाही म्हणून हात बांधलेले, हे मी इतकी वर्षं बघतोय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘आर’ हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर मात्र फुकट आहे. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी ते मुळात शिकवण्यासाठीच बनवलं, 1995 मध्ये जीपीएल लायसन्सखाली (म्हणजे कोड कुणीही बघावा, वापरावा, बदलावा) सगळ्यांना खुलं केलं, आणि आज औषध कंपन्या, बँकासुद्धा ते वापरतात.

पण फुकट हा मुद्दा माझ्यासाठी दुसरा. पहिला म्हणजे आतलं दिसतं. वर्गात मी नुसतं ‘एसडी’ टाइप करून एंटर मारतो, कंस न देता, की स्टँडर्ड डेव्हिएशनचा, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाचा, अख्खा कोडच स्क्रीनवर येतो, व्हेरियन्स काढलाय आणि त्याचं वर्गमूळ घेतलंय, बास. फळ्यावरचं सूत्र आणि मशीनमधलं सूत्र एकच आहे हे मुलांना तिथंच कळतं. बंद सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबा आणि आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवा!

सपोर्ट कोण देणार असं हमखास विचारतात, तर कंपन्यांसाठी पैसे देऊन सपोर्ट मिळतो की. शिकायला थोडा वेळ लागतो हे मान्य, पहिला महिना जड जातो. तरी विद्यापीठांनी निदान पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल तरी यावर घ्यावं, एवढीच कळकळीची विनंती.

– एक स्टॅटिस्टिक्सचा शिक्षक