पाटण शाखेतील वाय-फायच्या चुकीच्या मांडणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय साताऱ्यात, तर एक शाखा पाटणला आहे. गेल्या वर्षी आपल्याकडून अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारी उपकरणे) आणि त्या सर्वांवर नियंत्रण ठेवणारा कंट्रोलर घेतला. कंट्रोलर साताऱ्यात बसवताना आपल्या माणसाने स्पष्ट सांगितले होते की तिथून फक्त सेटिंग होईल, शाखेचे काम शाखेतच चालेल. तसे झालेले नाही.

पाटणच्या काउंटरवर लॅपटॉप आणि पासबुक प्रिंटर शेजारी-शेजारी आहेत, दोन्ही वाय-फायवर. तरीही छपाईचा सगळा डेटा १० एमबीपीएसच्या लाइनने साताऱ्याला कंट्रोलरकडे जातो आणि त्याच लाइनने परत येतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आमच्या संगणक पाहणाऱ्या मुलाने राउटरवर तपासले. अ‍ॅक्सेस पॉइंट आणि कंट्रोलर कॅपवॅप या पद्धतीने एकमेकांशी बोलतात. तिच्या ५२४६ पोर्टवर, म्हणजे सेटिंगच्या वाटेवर, किरकोळ रहदारी होती. डेटाच्या ५२४७ पोर्टने मात्र लाइन भरून गेली होती.

जुलैत रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि शाखेतल्या वाय-फायचे नावच मोबाइलवर दिसेनासे झाले. दुधाचे पैसे न्यायला आलेली वयस्क माणसे दुपारपर्यंत बाकावर बसून होती. शेवटी लॅपटॉप आणि प्रिंटर दोन्ही वायरने शाखेतल्या स्विचला (उपकरणे वायरने एकमेकांशी जोडणाऱ्या पेटीला) जोडले, तर लाइन बंद असतानाही पासबुक लगेच छापून आले.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की वाय-फायचे एन्क्रिप्शन अ‍ॅक्सेस पॉइंटपाशीच संपते. पुढे साताऱ्यापर्यंतच्या कॅपवॅपच्या वाटेत (टनेलमध्ये) सेटिंगचे संदेश डीटीएलएस या एन्क्रिप्शनने सुरक्षित असतात. डेटासाठी ते वेगळे चालू करावे लागते. आपण ते केलेले नाही. सभासदांच्या खात्याच्या नोंदी छपाईसाठी उघड्या जात आहेत, आणि तेही आम्हाला न विचारता.

कार्यालयीन नेटवर्कचा डेटा शाखेतल्या स्विचवरच उतरेल, अशी मांडणी १५ दिवसांत विनामूल्य करून द्यावी. पाहुण्यांचे नेटवर्क साताऱ्यावरून गेले तरी हरकत नाही, पण डेटाचे डीटीएलएस चालू हवे. त्यानंतर आमच्यासमोर साताऱ्याची लाइन काढून पासबुक छापून दाखवावे. तोवर देखभाल कराराच्या नूतनीकरणावर सही होणार नाही.

कळावे,
सचिव